जपानचा झाडपाला आणि नाव नसलेली डबी

गेल्या उन्हाळ्यातला एक रविवार. भवानी पेठेतल्या आमच्या विहारात वंदना आटोपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तशी एक आई अकरा वर्षांच्या लेकीचा हात धरून आमच्याजवळ आली. लेकीने एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला होता. आईने बाही वर केली. कोपराच्या आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, आतल्या शिरा दिसत होत्या, आणि लालसर आडवे पट्टे उमटले होते.

"सिस्टर, आधी नुसती खाज होती. रात्रभर खाजवायची पोरगी. मग हे लावलं. तीन दिवसांत खाज बंद झाली बघा," असं म्हणत तिने पिशवीतून एक पांढरी डबी काढली. डबीवर एका फुलाचं चित्र आणि खाली लिहिलेलं : 'जपानी जडीबुटी, साइड इफेक्ट नाही.' बाजारात फिरत्या विक्रेत्याकडून अडीचशे रुपयांना घेतलेली. सहा महिन्यांत अशा पाच डब्या संपल्या होत्या. आम्ही डबी उलटी करून पाहिली, झाकणाच्या आत पाहिलं. औषधाचं नाव नाही, कशापासून बनवलं ते नाही, कारखान्याचा पत्ता नाही, मुदत संपण्याची तारीख नाही.

आम्ही बरीच वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काढली आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. अशा डब्या आम्हाला नव्या नाहीत. कधी त्यावर 'आयुर्वेदिक' असतं, कधी 'हिमालय की जडीबुटी', आता 'जपानी' आलं. म्हणून या अंकात जपानचं खरं झाडपाल्याचं औषध काय असतं, ते अंगावरच्या अॅलर्जीसाठी कसं वापरतात आणि त्याने किती फरक पडतो, हे समजून घेऊ. ते कळलं की ही डबी काय आहे, तेही कळेल.

सगळी खाज एक नसते

आपल्याकडे अंगाला खाज सुटली की "अॅलर्जी आहे" म्हणून मोकळं होतात. पण प्रकार निरनिराळे आहेत.

पहिला प्रकार इसबाचा. यातला एक इसब लहानपणीच सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या गालावर, मोठ्या मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत. कातडी कोरडी, खरखरीत, आणि खाज रात्री जास्त. घरात कुणाला दमा किंवा सारख्या शिंका असतील, तर मुलात तो निघण्याची शक्यता वाढते. आपली कातडी विटांच्या भिंतीसारखी आहे. या मुलांच्या भिंतीत विटांमधला गिलावाच कमी असतो. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरतात. मग शरीराचे पहारेकरी खवळतात आणि कातडी लाल होते. हा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

दुसरा प्रकार, ज्याला आपण 'अंगावर पित्त उठणं' म्हणतो. लाल उंच गांधी उठतात आणि काही तासांत जागा बदलतात. तिसरा प्रकार, एखादी वस्तू कातडीला लागून होणारा. काळी मेंदी, खोट्या दागिन्यातला निकेल धातू, गवंडीकामातलं सिमेंट, टिकलीचा गोंद. वस्तू जिथे लागली तिथे पुरळ.

आणि काही खाज अॅलर्जीची नसतेच. बोटांच्या बेचक्यात, कमरेला, घरातल्या दोघातिघांना एकदम रात्री खाज सुटत असेल तर ती बहुधा खरूज. जांघेत, कमरेभोवती गोल चट्टा, कडा उठलेली आणि मध्ये निवळलेलं असेल तर ते गजकर्ण. या दोन्हींचं औषध वेगळं आहे. म्हणून आधी आजार ओळखायचा, मग औषध.

जपानी औषध म्हणजे काय

जपानच्या पारंपरिक औषधपद्धतीला 'कांपो' म्हणतात. मूळ विद्या चीनची. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी ती कोरियामार्गे जपानला पोचली, आणि पुढे तिला नेण्यात बौद्ध भिक्खूंचाही हात होता. आठव्या शतकात चीनहून जपानला गेलेले भिक्खू गांजिन औषधी ओळखण्यासाठीही प्रसिद्ध होते. जपानमधल्या नारा शहरात तोदाइजी हे मोठं बौद्ध विहार आहे. इ. स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो यांनी तिथल्या बुद्धमूर्तीला साठ प्रकारची औषधं अर्पण केली. ती आजाऱ्यांच्या उपयोगी पडावीत असा त्यामागे हेतू होता. त्यातली बरीचशी तिथल्या शोसोइन नावाच्या भांडारात आजही जपून ठेवलेली आहेत. त्या साठांच्या यादीत ज्येष्ठमध आहे आणि आपला हिरडाही आहे. विनयपिटकात भिक्खूंना ज्या औषधी फळांची परवानगी आहे, त्यातलाच हा हिरडा.

दानाच्या वेळी औषधांची नावं आणि वजनं कागदावर लिहून ठेवली होती. तो कागदही टिकून आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या औषधाचं नाव आणि वजन लिहिलेलं सापडतं. आपल्या डबीवर मात्र काहीच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपान सरकारने डॉक्टर होण्यासाठी पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा सक्तीची केली आणि कांपो मागे पडलं. पुढे १९७६ मध्ये त्यातली बरीच औषधं सरकारी आरोग्य विम्यात घेतली गेली. आज अशी १४८ मिश्रणं विम्यातून मिळतात. कारखान्यात काढा करून, तो आटवून त्याचे दाणे करतात आणि मोजून पुड्या भरतात. प्रत्येक पुडीत कोणती वनस्पती किती ग्रॅम, हे ठरलेलं असतं. ती लिहून देणारा डॉक्टर आपल्याकडच्या एमबीबीएससारखं आधुनिक शिक्षण घेतलेलाच असतो. २००१ पासून तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमातच कांपो आहे.

आणखी एक. कांपोत नुसता चट्टा बघून औषध देत नाहीत. नाडी, जीभ बघतात, पोट हाताने दाबून बघतात, माणूस अशक्त आहे की दणकट, त्याला थंडी वाजते की उष्णता होते, ते विचारतात. एकाच इसबाच्या दोन रोग्यांना दोन वेगळी औषधं मिळू शकतात. आता तुम्हीच सांगा, सगळ्या बाजाराला एकच डबी विकणारा माणूस कोणतं जपानी औषध विकतोय?

खाजेसाठी तिथे काय देतात, आणि गुण किती

बहुतेक कांपो औषधं पोटात घ्यायची असतात. पाणी सुटणाऱ्या, फार खाजणाऱ्या जुन्या इसबासाठी 'शोफुसान' नावाचं मिश्रण देतात. अंगावर गांधी उठणं किंवा नुकताच उठलेला इसब असेल तर 'जुमिहाइदोकुतो' देतात. नावातच 'दहा' हा शब्द आहे, कारण त्यात दहा घटक असतात. हे बसवलं हानाओका सेइशू नावाच्या शल्यवैद्यांनी (१७६०–१८३५). लावायचं त्यांचं एक जांभळं मलमही आहे, 'शिउनको'. तिळाचं तेल, मधमाश्यांचं मेण, डुकराची चरबी आणि दोन मुळ्या. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला आणि भाजल्यावर ते लावतात.

गुण किती येतो? २०१० मध्ये जपानी डॉक्टरांचा एक नीट केलेला अभ्यास छापून आला. इसबाचे ९१ अशक्त प्रकृतीचे रोगी घेतले. निम्म्यांना 'होचुएक्कितो' हे कांपो औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं औषध, २४ आठवडे. कुणाला काय मिळालं हे रोग्याला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. सगळ्यांची नेहमीची मलमं चालूच होती. शेवटी कातडीच्या तपासणीत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. पण कांपो घेणाऱ्यांना मलम कमी लागलं. म्हणजे जोडीला मदत झाली, मलम सुटलं नाही. २०१३ मध्ये चिनी वनौषधी आणि इसब यांवरचे २८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा खात्रीने गुण येतो असं म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. काही रोग्यांना थोडा आधार, एवढंच आज म्हणता येतं. 'तीन दिवसांत खाज बंद' असं कांपोचे जपानी डॉक्टरही सांगत नाहीत.

झाडाचं आहे म्हणून निर्धोक?

आमच्या आया-बहिणी म्हणतात, "पाल्याचं औषध आहे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?" आहे.

ज्येष्ठमध बघा. खोकल्याला आपण काडी चघळतो, त्यात काही बिघडत नाही. कांपोच्या बहुतेक औषधांत ज्येष्ठमध असतो, आणि रोज बरेच दिवस पोटात गेला तर काहींच्या अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, हातापायातली ताकद जाते. म्हणून जपानातले डॉक्टर अशा रोग्यांचं रक्त तपासत राहतात. आपल्या वस्तीत बीपीची गोळी चालू असलेली किती माणसं आहेत! आणखी एक, त्याच हानाओकांनी १८०४ साली रोग्याला पूर्ण बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. त्या बेशुद्धीच्या औषधातली मुख्य वनस्पती धोतरा. जो पाला माणसाला सुरीची जाणीव होऊ देत नाही, त्याला 'सौम्य' कसं म्हणायचं?

आणि झाड स्वतःच अॅलर्जी देऊ शकतं. आपल्या घरात कुणाला ना कुणाला बिब्बा उतलेला असतो. बिब्ब्याच्या काळ्या तेलाने कातडीवर फोड येतात, पाणी सुटतं. जपानात लाकडी भांड्यांवर चकचकीत रोगण चढवतात, ते 'उरुशी' नावाच्या झाडाच्या चिकापासून. ते झाड बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि त्या कारागिरांच्या हातावरही तसेच फोड येतात. काजूच्या टरफलाचं तेलही त्याच जातीचं.

आपल्या महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण गाजर गवताचं. १९५५च्या सुमारास हे परदेशी गवत पुण्यात नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याचे सुकलेले कण वाऱ्यावर उडतात. ज्यांना त्याची अॅलर्जी होते त्यांचा चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या लाल होऊन खाजतात, कातडी जाड आणि काळी पडते. विहाराच्या आवाराची सफाई करताना आपली तरुण मुलं हे गवत उघड्या हातांनी उपटतात. हातमोजे घाला, पूर्ण बाह्या घाला, तोंडाला रुमाल बांधा, आणि घरी गेल्यावर अंघोळ करून कपडे धुवायला टाका.

डबीत दडलेलं स्टेरॉइड

आता मूळ डबीकडे येऊ. तीन दिवसांत खाज थांबते ती कशाने?

२०१४ साली जपानातच, योकोहामा शहरातल्या एका दवाखान्यात 'कांपो क्रीम' म्हणून दिलं जाणारं मलम तपासलं गेलं. इसबाचे रोगी ते झाडपाल्याचं, स्टेरॉइड नसलेलं म्हणून लावत होते. त्यात क्लोबेटासोल निघालं. क्लोबेटासोल म्हणजे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. त्याआधी १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी चिनी झाडपाल्याची म्हणून दिलेली अकरा मलमं तपासली, त्यातल्या आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं. ज्या देशांत तपासणी कडक आहे, तिथे ही गत. मग आपल्या बाजारात नाव नसलेल्या डबीची खात्री कोण देणार?

स्टेरॉइड सूज आणि खाज झटकन दाबतं. पण जहाल स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, पट्टे पडतात, चेहऱ्यावर लाली, पुटकुळ्या आणि लव वाढते. लहान मुलांत ते कातडीतून रक्तात उतरून वाढीवर परिणाम करू शकतं. गजकर्णावर लावलं तर वरची लाली जाते आणि आतून गजकर्ण पसरत राहतं. एकदम बंद केलं तर आधीपेक्षा जोरात उसळतं. मग आई घाबरून पुन्हा तीच डबी आणते. विकणाऱ्याचा धंदा त्यावरच चालतो.

पण स्टेरॉइड हा शब्द ऐकून घाबरूही नका. योग्य ताकदीचं, ठरलेल्या दिवसांपुरतं, डॉक्टरने लिहून दिलेलं स्टेरॉइड मलम हे इसबावरचं चांगलं औषध आहे. वॉर्डात आम्ही ते कितीतरी लेकरांना लावलं आहे. किती लावायचं याचं माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढायची. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. २०१८ पासून सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली आहेत. "गोरं व्हायला लाव" म्हणून मैत्रिणीने दिलेली ट्यूबही यातलीच असू शकते. मलमावरची ही नावं ध्यानात ठेवा : क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन. अक्षर बारीक आणि इंग्रजी असतं. शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. तिचाही अभ्यास होतो.

घरी काय करायचं

इसबाच्या लेकराला रोज कोमट पाण्याने, थोडक्यात अंघोळ घाला. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तर दोन तांबे पाण्यातही भागतं. कपड्याचा साबण अंगाला लावू नका, घासणी वापरू नका. आपला सोलापुरी टॉवेल रगडू नका, हलक्या हाताने टिपून घ्या. अंग जरा ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली सगळ्या अंगाला लावा. भिंतीचा गेलेला गिलावा भरण्याचं हे काम आहे. दिवसातून दोनदा, चट्टे नसले तरीही. हा उपाय सगळ्यात स्वस्त, आणि याचाच सगळ्यांना कंटाळा येतो.

नखं कापा. कपडे सुती आणि सैल घाला. धुण्याची पावडर कपड्यात राहू देऊ नका, एक पाणी जास्त काढा. अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी लावून थंडावा वाटतो, जरूर लावा. पण गांधी रोज उठत राहिल्या तर डॉक्टरला दाखवा. पाणी सुटलेल्या इसबावर तंबाखू, राख, टूथपेस्ट, बिब्बा काहीही लावू नका. कडुलिंबाचा पाला, हळद काहींना सोसते, काहींची आग होते. लावून आग झाली तर लगेच धुवून टाका.

डॉक्टरकडे जाताना घरात वापरलेली प्रत्येक ट्यूब, डबी, काढ्याची बाटली पिशवीत घालून न्या. लपवू नका, कुणी रागावलं तरी चालेल. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात आधी दाखवा. तिथून सिव्हिलच्या त्वचारोग विभागात पाठवतात.

काही वेळा मात्र वाट बघायची नसते. गांधी उठून ओठ, जीभ, डोळे सुजले, आवाज बसला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर त्याच मिनिटाला १०८ला फोन करा. नवीन गोळी किंवा काढा सुरू केल्यावर ताप येऊन तोंडात फोड आले, कातडी सोलून निघू लागली, तर औषध थांबवून थेट मोठ्या दवाखान्यात जा. इसबाच्या चट्ट्यावर एकाएकी दुखरे फोड आले आणि तापही आला, तरीही तसंच.

त्या लेकीचं काय झालं

डबी घेऊन आम्ही मायलेकींसोबत त्वचारोगाच्या डॉक्टरकडे गेलो. कातडी बघताच ते म्हणाले, खुणा सगळ्या जहाल स्टेरॉइडच्या आहेत. त्यांनी डबी बंद केली आणि सौम्य मलम देऊन हळूहळू उतरवत नेलं. मधले पंधरा दिवस फार वाईट गेले. खाज उसळली, पोरगी रडायची, आई दोनदा म्हणाली, "सिस्टर, ती डबीच बरी होती." तेव्हा तिच्या घरी रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बसायला जायचं. आता लेक अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालते. इसब अधूनमधून डोकं वर काढतो, तेल आणि मलम यांवर आवरतो. कोपरावरचे पट्टे मात्र फिकट होऊन राहिलेच आहेत.

जपानचं औषध खोटं आहे किंवा आपला झाडपाला टाकाऊ आहे, असं आमचं म्हणणं नाही. परंपरेने चालत आलं, मोठ्याने सांगितलं, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, पारखून घ्या, हे कालाम सुत्तातलं सांगणं औषधालाही लागू आहे. औषध कुठल्याही देशाचं असो, चार गोष्टी विचारा : याचं नाव काय, यात काय काय आहे, कुणी बनवलं, आणि मला झालेला आजार नक्की कोणता. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. घरातल्या डब्या आणि ट्यूब घेऊन या, एकेक वाचून बघू.

जय भीम.